दोन राजांचा रुपया

आमच्या सांगलीच्या घराची आठवण मला आधी कानात येते, मग डोळ्यांपुढं. पेठेतल्या हळदीच्या अडतीच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. मध्ये एक भिंत आणि भिंतीत वरच्या अंगाला गजांची लहानशी खिडकी. त्या खिडकीतून दिवसभर हळदीची धूळ आत यायची आणि धुळीबरोबर रुपयांचे आवाज. धुळीनं आमची भांडी, उशांचे अभ्रे, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, लुगड्याचे काठ, सगळं पिवळं करून टाकलं होतं. लग्नघरात चार दिवस जो वास असतो तो आमच्याकडं बारा महिने असायचा. शाळेतल्या मुली मला ‘नवरी’ म्हणून चिडवायच्या. मला ते आवडायचं, पण तसं मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या अडतीत नाणी पारखायला बसत. पुढ्यात एक काळा गुळगुळीत दगड. कुणी रुपया दिला की आधी बोटाच्या टोकावर तोलायचा, मग दगडावर टाकायचा, आणि मग एकच शब्द बोलायचा. ‘खरा’ किंवा ‘खोटा’. त्यापुढं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. अव्वा म्हणायची, “यांच्या तोंडातनं तिसरा शब्द काढायचा तर मला तिथीला उपास धरावा लागतोय.” आम्ही जैन, त्यामुळं उपासांची आमच्याकडं तशीही टंचाई नव्हती. संध्याकाळचं जेवण सूर्य बुडायच्या आत. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शिजत असली की दुपारपासून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास हळदीच्या वासात मिसळायचा, आणि मी शहाबादी फरशीवर पोट टेकून, डोळे मिटून पडायची.

असं पडल्या पडल्या मी रुपये ऐकायची. जुन्या चांदीचा रुपया दगडावर पडला की त्याचा आवाज लांबत जायचा, खोलीभर फिरायचा आणि कुठंतरी माझ्या कानामागं जाऊन संपायचा. लढाई सुरू झाल्यावर जे नवे रुपये आले त्यांच्यात चांदी निम्मी. त्यांचा आवाज लवकर दमायचा. शिशाचा खोटा रुपया तर नुसता बसायचा, ओल्या फडक्यासारखा. पलीकडं अण्णा बोलायच्या आधी मी अलीकडं पुटपुटायची, “खरा... खरा... खोटा,” आणि मग अण्णांचा शब्द यायचा. आमचे दोघांचे शब्द जुळत जुळत मला झोप लागायची. आज मला समोरच्याचं बोलणं दोनदा ऐकावं लागतं. सून म्हणते, यंत्र बसवून घ्या. पण त्या दुपारचे आवाज मला अजून यंत्राशिवाय ऐकू येतात, तेव्हा मी घाई करत नाही.

अडतीचा एक रिवाज होता. खोटा रुपया सापडला की तो परत द्यायचा नाही. त्याच्या मधोमध पोलादी खिळा मारायचा आणि दुकानाच्या उंबरठ्याला ठोकून टाकायचा. तो पुन्हा बाजारात फिरू नये, आणि येणाऱ्या जाणाऱ्यानं त्याच्यावर पाय द्यावा, म्हणून. आमच्या उंबरठ्यात असे सात-आठ रुपये होते. लोकांना ते पाठ होते. हा अमक्या गावच्या तमक्याचा, हा फलाण्या जावयाचा. रुपया एकदा ठोकला की माणसाचं नावही तिथंच ठोकलं जायचं.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी बाजारात शिशाचे रुपये फार आले. एक अण्णांच्या हातूनही निसटला, आणि अडतीचे मालक तवनाप्पा शेट चार माणसांत म्हणाले, “पारखी, डोळं मिटून बसताय काय?” त्या दिवसापासून जरा शंका आली की अण्णांचा हात खिळ्याकडं जायचा. अशातच एका बाजारच्या दिवशी आटपाडीकडच्या चंद्राबाई हळद न्यायला आल्या. विधवा बाई, एकुलता मुलगा पलटणीत, आणि लेकीचं लग्न पंधरा-वीस दिवसांवर आलेलं. लग्नाची हळद सांगलीचीच हवी म्हणून एवढ्या लांब आल्या होत्या, आणि सोबतीला व्याही होते, नवऱ्या मुलाचे वडील. मी खिडकीखालच्या पाटावर चढून गजांना धरून बघत होते, कारण बाईंच्या नाकात मोठी नथ होती आणि मला नथी बघायला आवडायच्या.

त्यांनी पदराची गाठ सोडून एक रुपया अण्णांच्या हातात ठेवला. अण्णांनी तो बघितला, उलटा केला, पुन्हा बघितला. एका बाजूला राजाचं तोंड होतं, नेहमीसारखं, डावीकडं बघणारं. आणि दुसऱ्या बाजूलाही राजाच. फक्त तो आत खचलेला, खोलगट, आणि उजवीकडं बघणारा. कुठं ‘एक रुपया’ नाही, साल नाही, वेल नाही. अण्णांनी तो तोलला नाही. वाजवला नाही. “खोटा,” म्हणाले आणि खिळा घ्यायला वळताना तो दगडाकडं भिरकावला.

रुपया दगडावर पडला आणि वाजला. लांब, स्वच्छ, जुन्या चांदीचा आवाज. खोलीभर फिरला आणि माझ्या कानामागं येऊन संपला. पण तेवढ्यात बाहेर हळदीची पोती उतरवणाऱ्यांनी आरोळी दिली, शेट काहीतरी ओरडले, आणि अण्णांचं लक्ष खिळ्यात होतं.

“आवं, माझ्या ल्येकानं दिलाय त्यो. रजंवर आल्ता तवा हातात ठेवलाय,” चंद्राबाई म्हणत होत्या. “त्यो कशाला आईला खोटा रुपाया दील?”

“मग पलटणीत पाडत असत्याल,” कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. हातोडीचे चार ठोके पडले. व्याही बाजूला उभे होते. ते हसले नाहीत. डोक्याचा पटका नीट करत एवढंच म्हणाले, “घरी चला. घरी जाऊन मग बोलू.” हळद न घेताच दोघं गेले. चंद्राबाईंनी पदराची सुटलेली गाठ परत मारली नव्हती, ती तशीच लोंबत होती.

मी गप्प राहिले. एक दिवस नाही, तीन दिवस. अण्णा चुकतात हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं. मला वाटलं माझाच कान चुकला असेल. शाळेत जाताना मी त्या उंबरठ्यावर पाय न देता उडी मारून जायची. रुपयाची खोलगट बाजू वर आली होती आणि राजाच्या गालातून खिळा गेला होता. झोपेत मला तो उजवीकडं बघणारा राजा दिसायचा. मग आटपाडीकडून बातमी आली की व्याह्यांनी लग्न थांबवलंय; खोट्या पैशाच्या घरातली पोरगी नको म्हणतायत. हे अव्वानं जेवताना सांगितलं. बाहेर ऊन कलत होतं, ताटात शेंगांची पोळी होती, आणि मी घास ताटाच्या कडेलाच चुरत बसले.

“काय गं पद्मा, खा की. दिवस बुडंल,” अव्वा म्हणाली.

“अण्णा, तो रुपया खरा होता,” मी म्हणाले. “पडला तेव्हा मी ऐकलाय.”

अण्णांनी ताटावरून हात उचलला. मला वाटलं मारतील. “काल जन्माला आलेली पोर बापाची पारख काढणार?” एवढं म्हणून ते पानावरून उठले. अव्वानं त्यांचं ताट झाकून ठेवलं, पण सूर्य बुडाला तसं ते गाईला गेलं. मी भिंतीकडं तोंड करून रडले. राग अण्णांचा आला होता की स्वतःचा, ते मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी पलीकडून खिळा उपटल्याचा आवाज आला. मी खिडकीत गेले. अण्णा रुपया दगडावर टाकत होते. पुन्हा पुन्हा टाकत होते. भोक पडलेला रुपया वाजत नाही; तो बद्द बोलतो, मग चांदी कितीही असो. ज्या आवाजावर सगळा निवाडा होणार तो आवाज अण्णांच्याच खिळ्यानं मारून टाकला होता. आता तो जगात फक्त माझ्या कानात उरला होता. अण्णांनी वर खिडकीकडं बघितलं. मग तराजू काढला, एका पारड्यात तो रुपया आणि दुसऱ्यात चांगला जुना रुपया ठेवला. काटा मध्ये येऊन थांबला.

“एवढी चांदी खोट्या रुपयात कोण घालंल?” ते स्वतःशीच म्हणाले. थोड्या वेळानं मला म्हणाले, “परकर बदल. साताऱ्याला जायचंय.”

साताऱ्यात नाना होते. मूळचे मेढ्याकडचे, जन्म टांकसाळीत गेलेला, तिथं ठसे बसवायचं काम करायचे. त्यांची लेक आमच्या गल्लीत दिलेली, म्हणून ओळख. मोटार लढाईच्या दिवसांतली, कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की आम्ही उतरून चालायचं आणि वर जाऊन तिची वाट बघायची. त्या प्रवासाचं मला स्वप्नासारखं काहीतरी आठवतं. उसाचे मळे, एका गुऱ्हाळावर अण्णांनी घेऊन दिलेली द्रोणभर काकवी, आणि अण्णांचं गप्प बसणं, जे नेहमीचं नव्हतं. नेहमी ते गप्प असत तेव्हा घर शांत वाटायचं. त्या दिवशी तसं वाटत नव्हतं.

नानांचं घर किल्ल्याच्या पायथ्याला. दुपारची उन्हं ओसरीवर आली होती. नानांनी भिंग डोळ्याला लावून रुपया बघितला आणि लहान मुलासारखे हसायला लागले. “कुठं घावला हो ह्यो? जल्मात दोनदा बघितला म्या असा.” आत सून भाकरी थापत होती. तिच्याकडून त्यांनी पिठाचा गोळा मागवला, त्याची चकती केली आणि मला जवळ बोलावलं. “हे बघ पोरी. वर येक ठसा, खाली येक ठसा, मधी चांदीची कोरी चकती. ठोका बसला की रुपाया झाला, त्यो खाली पडायचा आन् दुसरी चकती यायची. पर कवातरी काय हुतं, झालेला रुपाया पडतच न्हाई. वरच्या ठशाला चिकटून बसतो. मंग फुडच्या चकतीला वरनं ठसा कोन? त्यो चिकटल्याला रुपायाच.” त्यांनी खिशातला रुपया राजाच्या बाजूनं पिठावर दाबला आणि उचलला. पिठात राजा आत खचलेला होता आणि उजवीकडं बघत होता.

अण्णा त्या पिठाकडं बघत राहिले. मीही. मला मात्र आनंद झाला होता, अगदी लाज वाटावी इतका.

नानांनी मग पत्र्याची डबी काढली. त्यात त्यांनी जन्मभर बाजारातून वेचलेले चुकलेले पैसे होते. ठसा सरकल्यानं अर्धाच उमटलेला आणा. भोकाचा पैसा, ज्याला भोक पाडायचंच राहून गेलं होतं. राजाच्या गालावर केसाएवढी, वर उठलेली रेघ असलेले दोन रुपये. ठशालाच चीर गेली होती, म्हणून तो जितक्या चकत्यांवर पडला तितक्यांच्या गालावर ती रेघ. सालाचे आकडे दुहेरी दिसणारा एक पैसा. आणि एक जुना रुपया, ज्याच्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसायचा; लोकांनी बोंब केल्यावर पुढच्या वर्षी सोंड लांब केली म्हणे. नाना म्हणाले, “ध्येनात ठेव. ठशाची चूक आसंल तर तिला भावंडं आसत्यात, हजारांनी. हुडकलं की घावत्यात. ठोक्याची चूक मातर येकलीच. ह्यो तुमचा रुपाया येकला हाय.” मी भिंग डोळ्याला लावून पालथी पडले ती ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत उठले नाही. माझा आयुष्यभराचा नाद त्या ओसरीवर सुरू झाला. परवा एक तरुण संग्राहक माझी नाणी बघायला आला आणि पहिलाच प्रश्न त्यानं किमतीचा विचारला. मी त्याला चहा दिला आणि दुसरा प्रश्न विचारेपर्यंत काही दाखवलं नाही.

साताऱ्याहून आम्ही घरी न जाता आटपाडीकडं गेलो. मोटार, मग बैलगाडी. ओसाड माळ, बोरी-बाभळी, आणि पाण्याला गेलेल्या बायांची लांबलचक रांग. चंद्राबाई दारातच होत्या. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, तांब्या भरून पुढं ठेवला. त्या भागात पाणी म्हणजे काय ते अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी ते थेंबभरही न सांडता प्यायलं आणि म्हणाले, “बाई, तुमचा रुपया खरा होता. मी चुकलो.” आणि पिठाची, ठशाची सगळी हकीकत सांगितली. एका दमात अण्णांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

चंद्राबाईंनी ऐकून घेतलं. रुपया हातात घेऊन त्याच्या भोकातून उजेडाकडं बघितलं. “हे तुमी मला सांगताय. मला ठावंच हुतं. माझा ल्योक काय चोर हाय व्हय?” आवाज चढला नव्हता. “पर तवा बोलला बाजारात. आता माफी मागताय घरात, दाराआड. आवं, माझ्या पोरीचं लगीन बाजारात मोडलं.”

अण्णांनी मान खाली घातली. “काय करू सांगा.”

“बाजारातच म्हना. येत्या बाजाराला. याह्यास्नी मी घिऊन येती.”

परतताना बैलगाडीत मी विचारलं, “अण्णा, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणणार?” ते म्हणाले, “म्हटलं तर पोट जाईल, पद्मा.” मला वाटलं, मी बोललेच नसते तर बरं झालं असतं. हे मी लपवत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला बापाचं पोट दुसऱ्याच्या लग्नापेक्षा मोठं वाटतं.

बाजारच्या दिवशी अण्णा दगडापाशी बसलेच नाहीत. चंद्राबाई आणि व्याही आले तसे ते उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले, आत आणि बाहेर दोन्हीकडं ऐकू जाईल असे. अव्वा माझ्यामागं पाटावर चढली होती, तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. “मंडळी,” अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. पुन्हा म्हणाले, “मंडळी, गेल्या बाजाराला या बाईंचा रुपया मी खोटा ठरवला. तो खरा आहे. टांकसाळीत काम केलेल्या माणसाला दाखवून आलोय. चूक टांकसाळीतल्या ठोक्याची, आणि त्याहून मोठी माझी. मी तो वाजवला नाही. न वाजवता खिळा मारला.”

तवनाप्पा शेट गादीवरून उठले. “पारखी, आत या. काय बोलताय कळतंय का? ह्याच्याफुडं तुमच्या शब्दाला कोण इचारंल?”

“नका विचारू,” अण्णा म्हणाले.

व्याह्यांनी रुपया हातात घेतला, दोन्ही राजांवरून अंगठा फिरवला आणि पटका काढून काखेत धरला. “इहीणबाई, माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. चंद्राबाईंनी हळद घेतली, रुपया पदरात बांधला, गाठ दोनदा आवळली आणि अण्णांकडं न बघता गेल्या. संध्याकाळी शेटनी निरोप पाठवला की दुसरा पारखी बघितला आहे. खोल्यांचं मात्र राहू द्या म्हणाले. तेवढं त्यांचं चांगलं.

पुढचे दिवस आमचं घर फार विचित्र होतं. भिंतीपलीकडं दुसराच माणूस रुपये वाजवायचा, आणि अलीकडं अण्णा खांबाला टेकून बसलेले. एकदा तिकडून ‘खरा’ असा शब्द आला आणि मला कळलं की नव्या माणसानं चूक केली. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. अव्वा शेजारच्यांचे पापड लाटायला जाऊ लागली, आणि हुग्गी त्या महिन्यात आमच्याकडं शिजली नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी चंद्राबाई दारात उभ्या. हातात अक्षत. अव्वानं गूळ-पाणी दिलं. त्या अण्णांना म्हणाल्या, “लगनाला या. आन् आहेराचं रुपये बघाया तुमीच बसायचं.”

“बाई, आता माझी पारख कुणी धरत नाही,” अण्णा म्हणाले.

“मी धरती. ज्याची चूक कवाच घावत न्हाई त्या मान्साचं लय भ्या वाटतं मला.” आणि गूळ तोंडात टाकून त्या गेल्या. अण्णा तिथंच, खांबापाशी रडले. अव्वा उगाचच फडक्यानं स्वच्छ फरशी पुसत राहिली.

लग्नाला आम्ही तिघं गेलो. माळावर मांडव, हलगी, गव्हाची खीर, पोरांचा दंगा. अण्णांपुढं एक जातं उपडं घातलं होतं, वाजवायला दगड म्हणून. पहिला आहेर व्याह्यांचा. त्यांनी रुपया पुढं केला आणि आपण होऊन मांडव गप्प झाला. अण्णांनी तो बोटावर तोलला आणि टाकला. तो वाजला. नेहमी त्याच क्षणी त्यांचा शब्द यायचा. या वेळी आला नाही. त्यांनी मान वळवून शेजारी बसलेल्या माझ्याकडं बघितलं, आणि थांबले.

मी मान हलवली. मग अण्णा म्हणाले, “खरा.”